रॅकून सिटीचा पुनर्विकास

जुन्या व्हिडिओ गेमला नवे रूप देण्याचे दोन मार्ग आहेत. ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा डोंबिवली पूर्वेतल्या रहिवाशाला ते चटकन समजतील. रीमास्टर म्हणजे जुन्या इमारतीची डागडुजी आणि रंगकाम. रिमेक म्हणजे पुनर्विकास: इमारत पाडून त्याच जागी नवी बांधायची, राहणारी माणसे मात्र तीच. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा अशा पुनर्विकासाचा उत्तम नमुना आहे.

मूळ गेम १९९८ साली प्लेस्टेशनवर आला. रॅकून सिटीत विषाणू पसरून माणसांचे झोंबी होतात आणि नवखा पोलीस लिऑन केनेडी व भावाला शोधत आलेली क्लेअर रेडफील्ड पोलीस ठाण्यात अडकतात. त्या वेळच्या प्लेस्टेशनची ताकद बेताची होती. खोल्यांची चित्रे आधीच तयार करून ठेवलेली असत, म्हणून कॅमेरा एका जागी खिळलेला असे. कोपऱ्यापलीकडचे दिसत नसे, नुसती घुरघुर ऐकू येई. पुढची खोली लोड होईपर्यंत काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडे. खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागे तो या अडचणींमुळेच.

२५ जानेवारी २०१९ रोजी आलेल्या रिमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला. आता चौफेर पाहता येऊ लागले, त्यामुळे न दिसण्याची भीती दुसऱ्या वाटेने आणावी लागली. ती अंधारातून आली. टॉर्चचा झोत पडेल तेवढीच भिंत दिसते, बाकी कॉरिडॉर काळाकुट्ट. झोंबीच्या डोक्यात दोन-तीन गोळ्या घातल्या तरी तो पुन्हा उठतो आणि गोळ्या तर मोजक्याच असतात.

सर्वांत मोठा बदल मिस्टर एक्सचा. हॅट आणि लांब कोट घातलेला हा धिप्पाड पाठलाग करणारा मूळ गेममध्ये ठरावीक प्रसंगी समोर येई. रिमेकमध्ये तो पोलीस ठाणेभर फिरतो. हेडफोन लावून खेळताना आधी वरच्या मजल्यावर जड बुटांचे धप्प धप्प ऐकू येते. मग ते जिन्यावर येते. मग भिंतीपलीकडे. खेळणारा हातातले कोडे सोडून जागीच थिजतो.

रिमेकची खरी तुलना होते ती आठवणीशी, आणि आठवणीतला गेम मूळ गेमहून देखणा असतो. महाराष्ट्रातही हा अनुभव आला. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक आली, तेव्हा चित्रांवर टीका झाली. २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले.

जुन्या खेळाडूंसाठी कॅपकॉमने एक खूण जपली आहे. मूळ गेममध्ये टाइपरायटरवर सेव्ह करायला शाईची रिबन लागे. रिमेकमध्ये टाइपरायटर आहेतच. सर्वांत कठीण पातळी निवडली की रिबनही पुन्हा मोजून वापरावी लागते.