निमज्जनाची शाळा : फोर्ट डिफायन्स येथील नवाहो भाषाशिक्षणाचा प्रयोग

मातृभाषेतून शिक्षण आणि मातृभाषेचे शिक्षण या दोन्ही विषयांचा आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. या दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. मूल शाळेत येते ते आपल्या समाजाची भाषा मुखी घेऊनच येते, असे ते गृहीतक होय. हे गृहीतकच जेथे ढासळते तेथे शाळेने काय करावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील नवाहो प्रदेशात, फोर्ट डिफायन्स या ग्रामीण वस्तीतील सार्वजनिक प्राथमिक शाळेच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. मुलाला अवगत नसलेल्या किंवा अपुऱ्या अवगत असलेल्या भाषेतूनच शालेय विषय शिकवावयाचे, या पद्धतीला इंग्रजीत ‘इमर्शन’ म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘निमज्जन’ हा शब्द योजला आहे. या पद्धतीचा बहुचर्चित प्रयोग 1965 साली कॅनडात, माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट येथे सुरू झाला. इंग्रजीभाषक मुलांना तेथे आरंभापासून फ्रेंचमधून शिकविण्यात आले. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीची हानीही झाली नाही. या प्रयोगाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी पुढे द्विभाषिकतेचे दोन प्रकार मानले : एक बेरजेची, दुसरी वजाबाकीची. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी घरी, बाजारात, सर्वत्र सुरक्षित होती. म्हणून तेथे बेरीज झाली. याउलट दुर्बळ भाषेच्या मुलाला प्रबळ भाषेच्या शाळेत घातले, तर नव्या भाषेच्या लाभाबरोबर जुनीचा क्षय होण्याचा संभव असतो. पोहण्यासाठी पाण्यात उतरणे वेगळे आणि पाण्यात ढकलले जाणे वेगळे.

नवाहो समाज असा ढकलला गेला होता. फोर्ट डिफायन्स हा 1851 साली अमेरिकी सैन्याने उभारलेला किल्ला. 1863-64 मध्ये नवाहो लोकांना त्यांच्या भूमीवरून बळाने हलविण्यात आले. 1868 च्या तहानंतर ते परतले. परंतु त्याच तहात दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे आणि मुलांना इंग्रजी शिक्षण घ्यावयास लावण्याचे कलमही होते. पुढील निवासी शाळांतून नवाहो बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या शिक्षांनी भाषा मेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य मुले नवाहो बोलतच शाळेत येत होती, कारण घर आणि मेंढ्यांचा वाडा नवाहोतच नांदत होता. शाळेला जे साधले नाही ते घरातील भाषांतराने, म्हणजे आईबापांनी मुलांशी इंग्रजीत बोलू लागल्याने, दोन पिढ्यांत साधले.

1986 साली फोर्ट डिफायन्सच्या शाळेत पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी एकदशांशाहूनही कमी मुले बऱ्यापैकी नवाहो बोलू शकत होती. सुमारे एकतृतीयांश मुलांना ती केवळ काहीशी समजत होती. मुलाची भाषा ‘टिकविणारे’ द्विभाषिक शिक्षण येथे निरुपयोगी होते. टिकवावयास भाषाच नव्हती. म्हणून त्याच वर्षी ऐच्छिक निमज्जनवर्ग सुरू करण्यात आला. बालवर्ग व पहिलीत वाचन, लेखन व गणित मुख्यतः नवाहोतून. दुसरी-तिसरीत दिवस दोन भाषांत निम्मा निम्मा. आणि चौथीत रोज किमान एक तास नवाहो, अशी त्याची आखणी होती.

शिकविताना एक वाङ्मयीन अभ्यासकांनाही उद्बोधक वाटेल अशी अडचण पुढे आली. रंग, प्राणी, अंक यांची नावे मुले झटपट पाठ करीत, पण बोलू शकत नसत. कारण नवाहो ही क्रियापदप्रधान भाषा आहे. एखादी वस्तू देणे-घेणे व्यक्त करताना ती लांब व ताठ आहे, गोलसर व भरीव आहे, की कापडासारखी सपाट व लवचीक आहे, यानुसार क्रियापदाचा धातूच बदलतो. मराठी वाचकाला याची अंधुक कल्पना यावी : साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात. नामांची यादी पाठ करून हा विवेक येत नाही. तो कृती करता करता, प्रसंगात, कोणी तरी आपल्याशी बोलत असताना येतो. म्हणूनच पुढे तेथील शिक्षकांनी प्रसंगनिष्ठ, क्रियापदकेंद्री अध्यापनाचा आग्रह धरला.

चौथीपर्यंत पोहोचलेल्या मुलांची तुलना त्याच शाळेतील केवळ इंग्रजीतून शिकलेल्या मुलांशी करण्यात आली. इंग्रजीच्या स्थानिक चाचणीत निमज्जनवर्गातील मुले जवळजवळ बरोबरीची ठरली, इंग्रजी लेखनात सरस आणि गणितात पुष्कळ पुढे. नवाहोत ती पुढे असणार हे उघडच होते. धक्कादायक बाब दुसरीच होती. केवळ इंग्रजीतून शिकलेल्या मुलांची चौथीतील नवाहो ही त्यांच्याच बालवर्गातील नवाहोपेक्षा क्षीण झाली होती. वजाबाकी येथे मोजून दाखविली गेली. अर्थात वर्ग ऐच्छिक असल्याने त्यात जागरूक पालकांची मुले अधिक असणे शक्य आहे, हा आक्षेप विचारात घ्यावयास हवा.

मात्र या आक्षेपातच प्रयोगाचे मर्म दडलेले आहे. प्रवेशासाठी शाळेने एक अट घातली होती : घरातील एका प्रौढ व्यक्तीने रोज सायंकाळी काही वेळ मुलाशी नवाहोत बोलावे. शाळा मुलाला भाषा देऊ शकते. परंतु ती बोलण्याचे कारण केवळ माणूसच देऊ शकतो. 2004 साली हे वर्ग ‘त्सेहोत्सोई दिने बिओल्ता’ या स्वतंत्र शाळेत रूपांतरित झाले. तथापि त्या सायंकाळच्या संभाषणाला शाळेची इमारत पर्याय ठरत नाही.

कोट्यवधी भाषक आणि समृद्ध ग्रंथपरंपरा असलेल्या मराठीची स्थिती नवाहोसारखी आहे, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. तरीही इंग्रजी माध्यमात गेलेले मराठी मूल बेरजेच्या बाजूला आहे की वजाबाकीच्या, हे केवळ माध्यमाच्या वादातून ठरणार नाही. ते मूल ‘साडी घातली’ म्हणते तेव्हा ‘नेसली’ हा शब्द त्याच्या कानी कोण घालते, यावर ते ठरेल. फोर्ट डिफायन्सच्या शाळेने प्रवेशपत्रावर मागितले होते ते एवढेच.