ड जीवनसत्त्वयुक्त दूध आणि स्थूलतेतील दाह

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानासाठी व तलावांसाठी प्रसिद्ध आहे. बांधीत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगाला ऊन आणि श्रम दोन्ही आपोआप मिळतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील कचेऱ्या, शाळा व दुकाने यांत काम करणाऱ्यांचा दिवस मात्र छपराखाली, बसून जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा स्थूल आढळले. 'ड' जीवनसत्त्व मिसळलेले दूध अशा व्यक्तींना कितपत उपयोगी पडेल, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

स्थूलता आणि दाह

जखम झाली की तो भाग लाल होतो, सुजतो. हा दाह शरीराच्या रक्षणासाठी असतो व काही दिवसांत शमतो. स्थूल व्यक्तीच्या शरीरात मात्र एक मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. पोटाभोवती साठलेल्या चरबीत संरक्षक पेशी गोळा होतात आणि दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे इन्शुलिनचे कार्य मंदावते; मधुमेह व हृदयविकार यांची वाट मोकळी होते. हा दाह दुखत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही.

'ड' जीवनसत्त्व हाडांना बळकटी देते, तसेच संरक्षक पेशींच्या कार्यावरही नियंत्रण ठेवते. ते चरबीत विरघळणारे असल्यामुळे स्थूल व्यक्तीच्या चरबीतच बरेचसे अडकून पडते व रक्तातील त्याचे प्रमाण कमी राहते.

दुधाचा वाटा

नैसर्गिक दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, '+एफ' हे चिन्ह असलेल्या दुधात दर लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० एकके 'ड' जीवनसत्त्व असते. दूध उकळल्याने ते फारसे नष्ट होत नाही. प्रौढ व्यक्तीची दैनिक गरज ६०० एककांची मानली जाते. पाव लिटरच्या पेल्यातून ५० ते ७५ एकके, म्हणजे गरजेच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकेच जीवनसत्त्व मिळते.

इराणमध्ये मधुमेही व्यक्तींना बारा आठवडे 'ड' जीवनसत्त्वयुक्त ताक देण्यात आले. त्यांच्या रक्तातील दाहाची काही लक्षणे कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या ताकातून रोज १,००० एकके मिळत होती. तेवढी मात्रा आपल्याकडील '+एफ' दुधातून घ्यावयाची तर रोज सुमारे सव्वातीन ते पाच लिटर दूध प्यावे लागेल! शिवाय, अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींना घेऊन केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २,००० एकके घेऊनही हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. सारांश, असे दूध हे उणीव भरून काढण्यास हातभार लावणारे अन्न आहे. ते स्थूलतेवरील औषध नव्हे.

काय करता येईल?

दाहाचे मूळ वाढलेल्या चरबीत आहे, तेव्हा खरा उपायही तेथेच करावयास हवा. पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास ती धोक्याची सूचना समजावी. भाताचे ताट थोडे लहान करून डाळ व भाजीचा वाटा वाढविणे, रोज अर्धा तास वेगाने चालणे, दुधात साखर न घालणे आणि काही वेळ हातापायांवर ऊन घेणे, हे सर्वांच्या आवाक्यातील आहे. साठ हजार एककांची पुडी किंवा गोळी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो.

ग्रामसभेत व शाळेत एक मोजपट्टी आणि वजनकाटा ठेवला आणि दुधाच्या पिशवीवरील चिन्हाचा अर्थ समजावून सांगितला, तरी या कामाला सुरुवात होईल. दूध पेल्यात असावे, पण त्याबरोबर ऊन आणि श्रमही अंगाला लागावेत, हे प्रत्येक घरी पोहोचविणे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे.