मेल ‘सेंट’ झाला, पण पोहोचला कुठे? वेबसाइटवरून जाणारे न्यूजलेटर स्पॅममध्ये का पडतात

एका शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याने पुण्याच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट दिला आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपने दुसऱ्या दिवशीचा राजगड ट्रेक रद्द केला. ग्रुपची वेबसाइट मी सांभाळतो, त्यामुळे ‘ट्रेक रद्द’ हा मेलही मीच पाठवला. नाव नोंदवलेले ४२ जण, स्क्रीनवर ‘४२ मेल सेंट’ असा हिरवा मेसेज. लॅपटॉप मिटला आणि झोपलो.

पहाटे साडेपाचला फोन. स्वारगेटला भर पावसात सहा जण आमच्या बसची वाट बघत उभे होते. त्यातली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन रात्रीच्या एसटीने सोलापूरहून आली होती. “दादा, मला तर मेल आलाच नाही,” ती म्हणाली. आला होता. स्पॅममध्ये पडला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर हेच काम करतो, आणि माझ्याच ग्रुपचा मेल लोकांपर्यंत जात नव्हता. लाज वाटली. पुढचे दोन महिने मी ह्याच्याच मागे होतो. तुमच्या कॉलेज फेस्टची, यूट्यूब चॅनेलची किंवा घरच्या दुकानाची वेबसाइट असेल आणि तिथून शे-पाचशे लोकांना मेल जात असतील, तर पुढचं नीट वाचा.

पाकिटावरचं नाव आणि आतलं नाव

आमची साइट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर होती. मेल पाठवायला पीएचपीचं साधं मेल फंक्शन, आणि ‘फ्रॉम’मध्ये ग्रुपचा जीमेल पत्ता. अर्ध्या ट्युटोरियलमध्ये असंच शिकवतात. चालतंही, म्हणजे एरर येत नाही.

ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीने प्रवास करतो ती १९८२ सालची. तेव्हा नेटवर्कवर मोजकेच लोक होते, म्हणून पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून मी कलेक्टरचं नाव लिहिलं तर पेटी काही अडवत नाही, तसंच. त्यात ईमेलला पाठवणाऱ्याची नावं दोन असतात. एक पाकिटावरचं, जे फक्त सर्व्हर एकमेकांना दाखवतात. दुसरं आतल्या पत्रावरचं, जे आपल्याला मोबाइलवर दिसतं. दोन्ही सारखीच असली पाहिजेत अशी सक्ती नाही.

आता आमचा मेल जीमेलच्या नजरेने बघा. आत लिहिलंय जीमेलचा पत्ता, पाकिटावर आहे कुठल्यातरी होस्टिंग सर्व्हरचं नाव, आणि पत्र आलंय अशा मशीनवरून जिचा जीमेलशी काही संबंध नाही. बँकेच्या नावाने केवायसीचे खोटे मेल पाठवणारे भामटे नेमकं हेच करतात. त्यात शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो साइट्सचे मेल जातात. त्यातल्या एखाद्याने कचरा पाठवला की डाग आपल्यालाही लागतो.

ह्यावर उपाय म्हणून तीन गोष्टी आल्या. तिन्ही तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर नोंदवहीत, लिहायच्या असतात.

पहिली एसपीएफ. ‘माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी ह्या ह्या सर्व्हरना आहे’ अशी ही यादी. मेल घेणारा सर्व्हर पाकिटावरचं डोमेन बघतो, त्याची यादी काढतो आणि मेल आणून देणारी मशीन त्यात आहे का ते तपासतो. इथे एक चूक फार जण करतात: नवीन सेवा घेतली की एसपीएफची दुसरी ओळ टाकतात. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. दोन झाले की दोन्ही बाद. असलेल्या ओळीतच भर घालायची.

दुसरी डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती सही तपासायची उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. वाटेत कोणी मजकूर बदलला तर सही जुळत नाही. तुमचा मेल कोणी दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड लावून घेतला असेल तर मधला सर्व्हर यादीत नसल्यामुळे एसपीएफ सहसा तुटतो, पण मजकूर तसाच राहिला तर सही टिकते. म्हणून एकच करायला जमणार असेल तर मी आधी डीकेआयएम करा म्हणेन.

तिसरी डीमार्क. वरच्या दोन्हींतली फट ही बुजवते. एसपीएफ किंवा डीकेआयएम नुसता पास होऊन भागत नाही, तो ज्या डोमेनसाठी पास झाला ते डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर काय करायचं तेही तुम्हीच सांगता: काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा परत पाठवा. सुरुवात ‘काही करू नका’पासूनच करा आणि रिपोर्ट स्वतःच्या पत्त्यावर मागवा. आमच्या साइटचा नोंदणी फॉर्म अजून जुन्याच वाटेने मेल पाठवत होता, हे मला त्या रिपोर्टमुळेच कळलं. पहिल्याच दिवशी कडक नियम लावला असता तर नोंदणीचे मेल बंद पडले असते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे सगळं सक्तीचं केलंय. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. त्याहून छोट्यांना एसपीएफ आणि डीकेआयएमपैकी एक तरी हवाच. आपण छोटे आहोत म्हणून सुटलो, असं समजू नका.

मी ग्रुपच्या स्वतःच्या डोमेनवर नवा मेल पत्ता काढला, बल्क मेल पाठवणारी एक सेवा घेतली (ब्रेव्हो, मेलचिंप, ॲमेझॉन एसईएस अशा बऱ्याच आहेत) आणि त्यांनी दिलेल्या ओळी डीएनएसमध्ये टाकल्या. काम अर्ध्या तासाचं. मला एक दिवस लागला, कारण होस्टिंगचं पॅनल नावापुढे आमचं डोमेन आपोआप जोडत होतं आणि मीही ते लिहिलं होतं. डोमेन दोनदा, सही गायब. तुमचं डीकेआयएम सापडत नसेल तर आधी हे बघा.

झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तो ब्राउझरमध्ये उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ करा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिघांसमोर ‘पास’ हवं. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये हा पर्याय नसतो, त्यासाठी कॉम्प्युटर घ्या.

तिन्ही पास, तरी स्पॅम

मला वाटलं जिंकलो. ऑगस्टचं न्यूजलेटर २,३४० पत्त्यांवर पाठवलं आणि मित्रांना विचारलं. निम्म्यांचं पुन्हा स्पॅममध्ये.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘पास’ म्हणजे फक्त ओळख पटली. आधार कार्ड दाखवलं म्हणून कोणी घरात घेत नाही. माणूस कसा आहे हे त्याच्या वागण्यावरून ठरतं, आणि आमचं वागणं वाईट होतं.

ती यादी आली कुठून? २०१७ पासूनच्या सगळ्या ट्रेकच्या एक्सेल शीट, एका कॉलेजात लावलेल्या स्टॉलवरचं रजिस्टर, शिवाय कुणीतरी “माझ्या ऑफिसातले आहेत, टाक” म्हणून दिलेले पत्ते. ह्यातल्या किती जणांनी ‘मला दर महिन्याला मेल पाठवा’ असं सांगितलं होतं? जवळपास कोणीच नाही. २०१८ मध्ये एकदा तोरण्याला आलेल्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं पोस्टर पाठवत होतो. आणि पोस्टरच ते: कॅनव्हावर बनवलेली एक मोठी इमेज, खाली शब्द शून्य. नुसती इमेज बघून फिल्टर बिचकतो आणि इमेज बंद ठेवणाऱ्याला कोरं पान दिसतं.

कंटाळलेला माणूस काय करणार? आमच्या मेलमध्ये अनसबस्क्राइबची लिंक नव्हती. मग त्याने जे बटण दिसलं ते दाबलं, ‘रिपोर्ट स्पॅम’. हे बटण तुम्हीआम्ही सहज दाबतो, पण फिल्टरसाठी ते मत असतं. गूगलच्या नियमात हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलंय आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ द्यायचं नाही. म्हणजे हजारांत तीन माणसं. फक्त तीन! गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हा आकडा बघता येतो, पण आमच्यासारख्या छोट्या यादीला तिथे बहुतेक वेळा ‘डेटा नाही’ असंच दिसायचं.

मी दादांना, म्हणजे आमच्या ट्रेक लीडरना, म्हटलं की यादी कापावी लागेल आणि प्रत्येक मेलमध्ये बाहेर पडायची लिंक द्यावी लागेल. ते चिडले. “दहा वर्षं गोळा केलेत लोक. दार उघडं ठेवलंस तर सगळे जातील.” मी म्हटलं, दादा, ते गेलेलेच आहेत, जाताना आपलं नाव खराब करून जातायत. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

शेवटी केलं ते असं. पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून परत आलेले सगळे मेल काढले. वर्षभरात एकाही ट्रेकला न आलेल्यांना एकच साधा मेल पाठवला: पुढे पाठवू का? ‘हो’वर क्लिक न करणारे वगळले. नवीन नोंदणीत न्यूजलेटरचा चौकोन रिकामा ठेवला, आणि टिक केलं तरी आधी खात्रीची लिंक जाते. ती दाबल्यावरच नाव यादीत येतं. एका क्लिकचं अनसबस्क्राइब सेवेतूनच चालू केलं. त्यामुळे जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाजवळच ते बटण दाखवू शकतं, मेलच्या तळाशी शोधावं लागत नाही. पोस्टरऐवजी साधा मजकूर आणि दोन छोटे फोटो. २,३४० चे उरले ६१०. पहिल्या आठवड्यात तेही एकदम नाही पाठवले: आधी नेहमी येणारे ५०, मग १००, मग बाकीचे. नव्या डोमेनवरून अचानक लोंढा आला की फिल्टर सावध होतात.

‘फ्री’ शब्द वापरू नका, उद्गारचिन्ह टाकू नका, असले सल्ले तुम्ही वाचले असतील. खोटे नाहीत, पण वरचं सगळं नीट असेल तर एका शब्दाने सहसा काही बिघडत नाही. लिंक छोटी करणाऱ्या सेवा मात्र टाळा, भामटे त्या फार वापरतात. आणि मेल प्रमोशन्स टॅबमध्ये गेला तर रडू नका, तो इनबॉक्सचाच भाग आहे.

दिवाळीच्या अंकापर्यंत विचारलेल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये मेल दिसू लागला. दादांनी स्वतः तीन फोनवर तपासलं.

ट्रेक रद्द किंवा बदलल्याचे मेल आता न्यूजलेटरच्या पत्त्यावरून जात नाहीत. त्यासाठी वेगळं सबडोमेन ठेवलंय. तिथून जाहिरात कधीच जात नाही, त्यामुळे न्यूजलेटरला कोणी स्पॅम म्हटलं तरी त्याची झळ इकडे कमी लागते. तरीसुद्धा रेड अलर्ट आला की मेल पाठवून झाल्यावर आम्ही यादी समोर घेऊन एकेकाला फोन लावतो. अर्धे दादा, अर्धे मी. बाहेरगावहून येणारे आधी.