बोटाचे भेटकलम

एका हाताच्या तर्जनीचे नख दुसऱ्या हाताच्या चिमटीत दाबा आणि सोडा. दाबताच नख पांढरे पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. नखाखालच्या केशवाहिन्यांतून बाहेर ढकलले गेलेले रक्त परत येते, म्हणून असे होते. हा साधा प्रयोग लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

समजा, कडबाकुट्टीत वैरण सारताना एखाद्या शेतकऱ्याच्या मधल्या बोटाची आतली बाजू सोलून निघाली. हाड शाबूत आहे, पण कंडरा उघडी पडली आहे. कंडरा म्हणजे स्नायूचा ओढा हाडापर्यंत पोचवणारी दोरीच. ती उघडी राहिली तर सुकते, मरते आणि मग बोट वाकत नाही. तिच्यावर आच्छादन हवेच. तुम्ही म्हणाल, ‘‘मांडीची कातडी काढावी आणि तिथे लावावी. त्यात काय अवघड?’’

अडचण रक्ताची आहे. काढून लावलेल्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर, म्हणजे विसरणावर जगते. नंतर जखमेच्या तळातील केशवाहिन्या तिच्यात शिरतात. विसरणाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. म्हणून अशी कातडी पातळ हवी आणि तळ रक्ताने समृद्ध हवा. आवरण निघून गेलेली कंडरा किंवा उघडे हाड म्हणजे कोरडा खडक! त्यावर रोप जगणार कसे?

याचे उत्तर आंब्याच्या भेटकलमात सापडते. भेटकलम करताना फांदी आईच्या झाडापासून लगेच तोडत नाहीत. आधी ती रोपाशी जुळवून बांधतात आणि सांधा एकजीव झाल्यावरच कापतात. शल्यचिकित्सक नेमके हेच करतात. शेजारच्या बोटाच्या पाठीवरील चौकोनी कातडी ते तीन बाजूंनी सोडवतात. जखमी बोटाकडची चौथी बाजू मात्र कापत नाहीत, कारण तिच्यातूनच रक्त येत असते. मग पुस्तकाचे पान उलटावे तशी ती कातडी उलटून जखमेवर शिवतात. अशा तुकड्याला ‘फ्लॅप’ म्हणतात. दात्या बोटाच्या कंडरेवरचे आवरण जपलेले असते, म्हणून तिथे मांडीची पातळ कातडी चालते.

दोन्ही बोटे दोन ते तीन आठवडे जोडलेली राहतात. या काळात डॉक्टर आपलाच प्रयोग करतात. फ्लॅप दाबून सोडल्यावर फिकटच राहिला, तर रक्त येत नाही असे समजावे. तो निळसर झाला, तर रक्त परत जात नाही. सर्व ठीक असेल, तर जखमी बोटाकडून नव्या केशवाहिन्या त्यात शिरतात. मग जोड कापून बोटे मोकळी करतात.

ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. गालाच्या कातडीने नाक बनवण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुण्याजवळच्या एका वैद्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र छापली गेली. ती वाचून युरोपातील शल्यचिकित्सक चकित झाले.

पण झाकले म्हणजे सारे झाले, असे नाही. दोन काडेपेटीच्या काड्या तीन मिलिमीटर अंतरावर धरून मित्राच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. डोळे मिटूनही तो ‘दोन’ म्हणेल. हाताच्या पाठीवर मात्र ‘एक’च म्हणेल. पाठीची कातडी टोकाइतकी जाणती नसते! म्हणून बोटाचे टोक तुटले आणि कापाची दिशा सोयीची असली, तर त्याच बोटाची कातडी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी कापून, खालच्या चेतातंतूंसह पुढे सरकवतात. मागची फट शिवली की ‘वाय’ अक्षर दिसते. १९७० साली अटासॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

असा अपघात तुमच्यासमोर घडला तर काय कराल? आधी यंत्र बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना किंवा शेण काहीही लावू नका. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तो भाग थेट बर्फात मात्र टाकू नका. मग वेळ न दवडता रुग्णालय गाठा. त्या बोटाचे पुढे काय होणार, हे पुष्कळदा तुमच्या या पाच मिनिटांवर अवलंबून असते.