शाळा पडायला शिकवणारी

लष्कराच्या जवानाला विमानातून उडी मारायला शिकवतं ते हवाई दल. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिष्य हिरव्या गणवेशातले, तर गुरुजी निळ्या. शाळेचं मूळ १९४१चं, दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावरचं. तिथून ती रावळपिंडीजवळ चकलाल्याला गेली आणि फाळणीनंतर आग्र्याला आली.

इथे आलेल्या जवानाला विमानाचं दार लगेच दिसत नाही. आधी जमिनीवरचा घाम. खरं तर उडी हा सोपा भाग. पॅराशूटची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते. लाल दिवा हिरवा झाला, जवान बाहेर पडला, की तिच्या ओढीनेच छत्री उघडते. नाहीच उघडली तर छातीवरची राखीव छत्री मात्र स्वतःच्या हाताने उघडायची. कठीण ते शेवटी. छत्री उघडली तरी जमीन अशी येते, जणू पुरुषभर उंच भिंतीवरून उडी टाकलीय. म्हणून पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. तळवे टेकताच पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ अशा क्रमाने अंग लोळवायचं. पाय फाकले किंवा सावरायला हात पुढे केला, की हाड गेलंच म्हणून समजा. उस्ताद हे इतक्या वेळा घोटून घेतात की विचार करायची गरजच उरत नाही.

मग आग्र्याजवळच्या मालपुराच्या मैदानावर पाच उड्या, त्यांतली एक रात्री. त्या झाल्या की छातीवर पंख. ऑगस्ट २०१५मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल महेंद्रसिंह धोनीनेही इथेच ते मिळवले. फोटो गाजले, आणि पंख म्हणजेच कमांडो असा समजही पसरला. तसं नाही. उडी ही लढाईपर्यंत पोचायची वाट. कमांडोची परीक्षा निराळी आणि कितीतरी कठोर.

पोचण्याची किंमत कळते ती आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला. १९७१च्या भारत-पाक युद्धात ११ डिसेंबरला दुसरी पॅरा बटालियन तिथे उतरली. ही पूर्वाश्रमीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. काहीजण ठरल्या जागेपासून दूर पडले, तरी लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल त्यांनी घेतला आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडली. पाच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती.