ध्वनिफितीची साक्ष

कागदावरचा अंगठा माणूस नाकबूल करील, पण स्वतःचा आवाज कसा नाकारणार, असे आपण सहज म्हणतो. चोरून टेप केलेल्या संभाषणाचा दरारा आहे तो यामुळेच. परंतु आवाज ओळखणे वेगळे आणि बोलण्याचा अर्थ लावणे वेगळे.

असा टेप न्यायालयात चालतो काय? याचे उत्तर मुंबईच्या दोन खटल्यांतून मिळाले. युसुफअली नागरी खटल्यात महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ करणाऱ्याचे बोलणे गुप्तपणे टेप केले होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात पोलिसांनी टेलिफोनवरचे संभाषण टेप केले होते. १९७२ साली तेही ग्राह्य ठरले. पुढे १९८५ मध्ये राम सिंग खटल्यात कसोट्या स्पष्ट झाल्या: आवाज ओळखलेला हवा, फितीत फेरफार नसावा, ती मोहोरबंद ठेवलेली असावी, शब्द स्वच्छ ऐकू यावेत.

कसोट्या योग्यच आहेत. पण शब्द स्वच्छ ऐकू आला तरी अर्थ स्वच्छ होतोच असे नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो. आमच्याकडे ‘ळ’चा पुष्कळदा ‘य’ होतो. डोळ्याला डोया, काळ्याला काया म्हणतात. आता ‘मी त्याले पायतो’ हे वाक्य घ्या. त्याचा अर्थ ‘मी त्याला बघतो’ असा होईल, ‘मी त्याला पाळतो’ असाही होईल. फीत ऐकून लिहिणारा बाहेरगावचा असला आणि त्याने ‘मी त्याला पाहून घेतो’ असे लिहिले, तर साध्या वाक्याची धमकी होते! ती बोलणाऱ्याच्या तोंडून नव्हे, लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आलेली असते.

तीच गोष्ट ‘हं’ची. समोरचा बोलत असता आपण ‘हं, हं’ करतो, ते ‘ऐकतो आहे’ एवढ्यासाठी. कागदावर मात्र तो होकार दिसतो. ज्याला टेप चालू असल्याचे ठाऊक आहे तो शब्द जपून वापरतो; दुसरा बिचारा मोकळेपणाने बोलत असतो.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. आरोपीच्या आवाजाचा नमुना घेण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. त्यातून आवाज कोणाचा ते कळेल. मनात काय होते ते कळणार नाही.

म्हणून मला वाटते, केवळ उताऱ्यावर न विसंबता मूळ संभाषण संपूर्ण ऐकावे आणि ते त्या मुलखाची बोली जाणणाऱ्याने ऐकावे. ज्या बोलीला वर्गात आपण हसतो, तिच्या एका अक्षरावर उद्या एखाद्या शेतकऱ्याची सुटका अवलंबून असेल. भाषेच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करू नये, तर कोणी करावा?