वॉट्सचे मनोरे आणि वर्गणीदार

लॉस एंजेलिसला आलेल्या पाहुण्याला नातलग हौसेने हॉलिवूड दाखवतात. वॉट्स ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिकडे न्यायचं म्हटलं की टाळाटाळ सुरू होते. पण संपादकांनी पिच्छा पुरवला होता, म्हणून मेट्रोने गेलो.

सायमन रोडिया हा इटलीहून आलेला, पाच फूटही उंची नसलेला मजूर. फरशी आणि सिमेंटकाम करणारा. १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं तो स्वतःच्या चिंचोळ्या जागेत एकट्याने वॉट्सचे हे मनोरे बांधत राहिला. सर्वांत उंच मनोरा सुमारे तीस मीटर. परांची नाही, वेल्डिंग नाही, बोल्ट नाही. सळई जवळच्या रेल्वे रुळात अडकवून वाकवायची, जोड तारेने आवळायचे, वर जाळी गुंडाळायची आणि हाताने सिमेंट थापायचं. ते ओलं असतानाच त्यात फुटक्या बशा, शिंपले, सेव्हन-अपच्या बाटल्यांच्या हिरव्या काचा खोचायच्या. खिडक्या पुसणारे बांधतात तसला पट्टा कमरेला. आधी बांधलेलं कडं हीच पुढची शिडी. भिंतीच्या गिलाव्यात त्याने आपल्याच हत्यारांचे ठसे उठवलेत. हातोडा ओळखू येतो. मी तिथेच रेंगाळलो.

काम संपल्यावर जागा शेजाऱ्याला देऊन गडी निघून गेला. शहराने मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. १९५९ साली निकोलस किंग हा नट आणि विल्यम कार्टराइट हा फिल्म एडिटर यांनी ३,००० डॉलरना ती जागा विकत घेतली. मग समिती, वर्गणी, सह्यांची मोहीम, सुनावण्या. समितीतले बड गोल्डस्टोन विमान-उद्योगातले इंजिनिअर. वाद घालण्यापेक्षा मनोरा ओढूनच बघा, असा त्यांचा पवित्रा. १० ऑक्टोबर १९५९ रोजी सगळ्यांदेखत त्याला १०,००० पौंडांचा, म्हणजे साडेचार हजार किलोंचा आडवा ताण दिला. मनोरा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. ताण देणारी तुळईच वाकायला लागली आणि चाचणी आवरती घ्यावी लागली. पाडायचा हुकूम तिथेच बारगळला.

खरी कटकट त्यानंतरची. देखभाल झेपेना, म्हणून १९७५ साली समितीने मनोरे शहराच्या हवाली केले. मग ते राज्याच्या मालकीचे झाले. १९९४ च्या भूकंपाने त्यांना आणखी तडे दिले. बुलडोझर दारात आला की लोक खिशात हात घालतात, पण केसाएवढ्या भेगेसाठी पावतीपुस्तक घेऊन कुणाकडे जायचं? आणि भेगा थांबत नाहीत, कारण मनोरे उन्हाने हलतात. एका संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी आणि विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी उपकरणं लावून हे पाहिलं: उन्हाकडची बाजू फुगते, मनोरा सूर्यापासून किंचित दूर झुकतो, संध्याकाळी परत येतो. भेगाही तशाच उघडतात, मिटतात. कडक सिमेंट भरलं तर ते सुटून येतं. म्हणून लवचीक भरण वापरायचं ठरलं. तेही ऊन-पावसात झिजणारच, आणि मग पुन्हा एकेक भेग शोधत वरपर्यंत चढावं लागणार.